खुर्चीमागचं माणूस

बैलगाडीत किती ओझं भरावं, याबद्दल भारत सरकारचा एक नियम आहे. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांचे हाल होऊ नयेत म्हणून १९६५ साली केलेल्या नियमावलीत लहान चणीच्या बैलाच्या दुचाकी गाडीसाठी तीन आकडे दिले आहेत. साध्या चाकांची गाडी असेल तर ५०० किलो, हवेचे टायर असतील तर ७५० आणि चाकांना बॉल बेअरिंग असेल तर १०००. बैल तोच, त्याच्या मानेतलं बळ तेच. चाक बदललं की ओझं दीडपट होतं, दुप्पट होतं. वाटेत किलोमीटरभर किंवा त्याहून लांब चढ असेल आणि तो तीस मीटरला तीन मीटरपेक्षा खडा असेल, तर हे आकडे निम्मे धरावेत, असंही ही नियमावली सांगते. हा नियम लिहिणाऱ्याला गाडी कळत होती. ओझं नुसतं वजनात नसतं, ते चाकात, आसात आणि वाटेतही असतं, हे त्याने कायद्याच्या रुक्ष भाषेत लिहून ठेवलं. हा नियम किती गाडीवानांना ठाऊक आहे आणि किती जण तो पाळतात, हा प्रश्न वेगळा.

आता कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवरची व्हीलचेअर डोळ्यांसमोर आणा. पक्षाघात झालेले सासरे किंवा मांडीचं हाड मोडल्यावर पुन्हा उभी न राहिलेली आई त्या खुर्चीत बसलेली असते. मागून ढकलणारी असते सून, बायको, नाहीतर स्वतःच साठी ओलांडलेली बहीण. हा मुंबईला माणसं पुरवणारा तालुका; आधी गिरण्यांना पुरवली, आता मिळेल त्या कामाला. घरातला धट्टाकट्टा गडी गणपतीला आणि दिवाळीला येतो, खुर्ची मात्र वर्षाचे बाराही महिने हलवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ अंदाज असा की शंभरातल्या एका माणसाला व्हीलचेअरची गरज असते. २०११च्या जनगणनेत आजरा तालुक्याची लोकसंख्या सुमारे एक लाख वीस हजार होती. त्या हिशेबाने इथे हजार-बाराशे खुर्च्या लागतात. म्हणजे खुर्चीमागे उभी राहणारी माणसंही तेवढीच. बसणाऱ्याच्या अपंगत्वाची टक्केवारी निघते, त्याला प्रमाणपत्र मिळतं, ओळखपत्र मिळतं. मागे उभ्या असलेल्या माणसाला काय पेलवेल, हे खुर्ची देताना कुणी पाहत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की व्हीलचेअर हे दोन माणसांचं साधन आहे आणि ते निवडताना, बनवताना, वाटताना दुसऱ्या माणसाचं शरीर हिशेबात धरलं पाहिजे. ते धरलं तर खुर्ची फारशी महागत नाही. बऱ्याच ठिकाणी ती नुसती शहाणी होते.

आपल्याकडे शिबिरांत वाटली जाणारी आणि औषधांच्या दुकानाबाहेर घडी करून ठेवलेली खुर्ची मुळात कुठल्या जमिनीसाठी घडली, ते आधी पाहू. खाणीतल्या अपघातात पाठीचा कणा मोडलेले अमेरिकी अभियंते हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ साली मोटारीत मावेल अशी घडीची नळ्यांची खुर्ची तयार केली. बसणीखाली फुलीसारखा सांगाडा, मागे मोठी चाकं, पुढे छोटी फिरती चाकं. त्या काळात हे फार मोठं पाऊल होतं. एव्हरेस्ट स्वतः खुर्चीत बसणारे होते आणि त्यांना मोटारीने हिंडायचं होतं. पुढे हाच साचा जगभर पसरला आणि पसरता पसरता त्याचं रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात चालणारं, स्वस्त, कुणालाही बसेल असं रूप पक्कं झालं. गुळगुळीत फरशीवर, वॉर्डापासून एक्स-रेच्या खोलीपर्यंत, ही खुर्ची उत्तम चालते. चूक तिची नाही. आपण तिला फरशीवरून उचलून जांभ्याच्या मुलखात आणलं आणि सोबत दुसरं काहीच आणलं नाही, ही चूक आहे. आजऱ्याचा पाऊस, मुरमाची वाट, पाणंदीतला चिखल, पावसाळी मुलखाच्या रीतीने उंच बांधलेलं घराचं जोतं आणि सोप्याचा उंबरा ही तिची परीक्षा आहे, आणि या परीक्षेचा अभ्यास तिने कधी केलेला नाही.

पहिला दोष पुढच्या छोट्या चाकांचा. साठ किलोचा माणूस आणि अठरा किलोची खुर्ची धरली तर एकूण ओझं ७८ किलो. रुग्णालयी घाटाच्या खुर्चीत त्यातला साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, पुढच्या चाकांवर येतो. म्हणजे २७ किलोंच्या आसपास. या चाकांचा व्यास बहुधा २० सेंटिमीटर आणि टायर टणक रबराचा. समोर तीन सेंटिमीटर उंचीची सिमेंटची कड आली, तर चाक तिच्यावर चढवायला किती जोर लागतो याचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला तीन सेंटिमीटरची कड चढायला, त्या चाकावर जेवढं वजन आहे तेवढाच आडवा जोर लागतो. म्हणजे २७ किलो. कड पाच सेंटिमीटरची असेल तर पावणेदोन पट. तीस सेंटिमीटर त्रिज्येच्या मोठ्या चाकाला तीच तीन सेंटिमीटरची कड वजनाच्या निम्म्याहून कमी जोरात चढता येते. मागच्या चाकांवर वजन जास्त असल्याने त्यांनाही जोर लागतोच, हे खरं. पण मागची चाकं हँडलच्या जवळजवळ खाली असतात, तिथे ढकलता ढकलता वर उचलता येतं. पुढची चाकं अडतात तेव्हा हँडलवर दिलेला जोर खुर्चीला पुढे न्यायच्या ऐवजी पुढे कलंडवायला लागतो, छोट्या चाकांवरचा भार आणखी वाढतो आणि बसलेलं माणूस पुढे झुकून हातांनी काहीतरी धरायला बघतं. ढकलणारीला वाटतं आपली ताकद कमी पडली. वास्तविक ती अशा जागी ताकद लावत असते जिथून ती लागूच होत नाही.

यावर जुना उपाय आहे आणि तो फुकट आहे. मागच्या बाजूला, चाकांच्या आत, नळीचं एक बोटभर टोक बाहेर आलेलं असतं. त्यावर पाय देऊन हँडल खाली दाबायचं, पुढची चाकं उचलायची, अडथळ्यापलीकडे ठेवायची, मग मागची चाकं लोटायची. रुग्णालयातल्या मावशी आणि वॉर्डबॉय हे डोळे झाकून करतात. घरातल्या माणसांना ते टोक कशासाठी आहे हेच पुष्कळदा माहीत नसतं, कारण खुर्ची देताना नाव लिहून घेतलं जातं, फोटो काढला जातो, आणि ती चालवायची कशी ते सांगायचं राहून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली साधनं कमी असलेल्या प्रदेशांसाठी व्हीलचेअरची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत वापरणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना शिकवणं हा खुर्ची देण्याचाच भाग मानला आहे. नंतर कधीतरी जमलं तर करायचं, अशी ती बाब नाही. एक तासाचं काम आहे.

दुसरा दोष आसाचा, आणि तो समजायला बैलगाडीइतका चांगला गुरू नाही. गाडी भरणाऱ्याला कळतं की ओझं आसाच्या फार पुढे गेलं तर बैलांच्या मानेवर येतं आणि फार मागे गेलं तर गाडी उलाळते. दोन्हींच्या मधली जागा साधणं हीच गाडी भरण्याची कला. रुग्णालयी खुर्चीचा मागचा आस पाठीच्या नळीच्या बरोबर खाली बसवलेला असतो. त्यामुळे खुर्ची सपाटीवर सहसा उलाळत नाही, म्हणून ती सुरक्षित म्हणवली जाते. पण तिचं ओझं कायम मानेवर असतं, म्हणजे पुढच्या छोट्या चाकांवर. आस थोडा पुढे घेतला की भार मागच्या मोठ्या चाकांवर सरकतो. मघाच्या हिशेबात पुढचा भार तिसऱ्या हिश्श्यावरून पाचव्या हिश्श्यावर आला, तर त्याच कडेला २७ ऐवजी १५-१६ किलोंचा जोर पुरतो. वळायला खुर्ची हलकी होते, पुढची चाकं उचलायलाही कमी दाबावं लागतं. धोका उलाळण्याचा, आणि तो खरा आहे. म्हणूनच अशा खुर्च्यांना मागे दोन छोटे टेकू लावतात. जिथे आस बदलायची सोयच नाही तिथेही काही गोष्टी हातात राहतात. माणूस बसणीत पार मागे सरकून बसलेला हवा. झोळीसारखी सैल पडलेली बसण असली की तो पुढे घसरतो आणि त्याच्यासोबत भारही. खाली घट्ट उशी घातली की बसणं सुधारतं, सतत बसून होणाऱ्या जखमांचा धोका घटतो आणि ढकलणारीचा भारही हलका होतो. औषधांची, भाजीची पिशवी हँडलला अडकवायची सवय मात्र सोडावी; ती पिशवी चढावर खुर्ची उलाळायला मदत करते. बसणीखाली झोळी शिवून घेतली तर जास्त बरं.

तिसरा दोष हवेचा. टायरगाडी आली तेव्हा धावेच्या चाकांची गाडी मागे पडली, ती काही फॅशन म्हणून नव्हे. हवेचा टायर खड्ड्याला, दगडाला थोडा दबतो आणि ओझं वर उचलण्याचं काम कमी करतो. मऊ जमिनीत तो रुतत नाही. व्हीलचेअर देताना मात्र आपण उलट्या दिशेने गेलो. पंक्चरची कटकट नको म्हणून टणक टायर लावले. फरशीवर हे ठीक आहे. मुरमावर आणि पावसात भिजलेल्या अंगणात टणक, अरुंद टायर नांगरासारखा रुततो. मागचं चाक २४ इंची असतं आणि त्या मापाची ट्यूब सायकलच्या दुकानात बदलून मिळते. पंक्चरचं भय तालुक्याच्या गावात एवढं मोठं मानायचं कारण नाही. पुढच्या चाकाला हवा भरायची गरज नाही, तिथे रुंद आणि मऊ रबर पुरतं. राल्फ हॉचकिस या अमेरिकी अभियंत्याने मोटारसायकल अपघातानंतर स्वतःच्या गरजेतून खुर्च्यांचं काम सुरू केलं आणि गरीब देशांतल्या छोट्या वर्कशॉपांसोबत ‘रफरायडर’ ही खुर्ची तयार केली. तिची पुढची रुंद, लवचीक चाकं झिम्बाब्वेत घडली म्हणून ती त्या देशाच्या नावानेच ओळखली जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतरही त्यांनी वाढवलं, म्हणजे खड्ड्यात तोंडघशी पडायचं भय कमी. यात कुठलंही गुपित तंत्र नाही. शिवाय टायरमधली हवा वेळोवेळी तपासली नाही तर काही उपयोग नाही. अर्धी हवा गेलेला टायर टणक टायरपेक्षा वाईट. बेअरिंगमध्ये चिखल जाऊन बसतो, केस आणि दोरे गुंडाळले जातात. वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास, चाकं काढून पुसून वंगण घातलं तर अडलेली खुर्ची पुन्हा चालू लागते.

चढाचा हिशेब वेगळा आणि निर्दय आहे, कारण चाकाने तो सुटत नाही. बाराला एक या चढावर, म्हणजे सरकारी मानकांतल्या उतरत्या मार्गावर, ७८ किलोंना साडेसहा किलोंचा जोर सतत लागतो. आपल्याकडच्या दुकानांपुढे, बँकांपुढे, दवाखान्यांपुढे ‘रॅम्प’ म्हणून जी सिमेंटची घसरगुंडी घातलेली असते ती पुष्कळदा सहाला एक असते. तिथे तेरा किलो लागतात, आणि चाकांचं घर्षण त्यावर वेगळं. नियमावलीतल्या बैलाचं ओझं दहाला एक चढापलीकडे निम्मं होतं. माणसाचं ओझं कमी करणारा असा नियम कुठे नाही. उतारावर तर ढकलणारी मागे ओढत असते, तीही ओल्या जमिनीवर आणि चपलेवर. तीव्र उतारावर खुर्ची उलटी करून, स्वतः खालच्या बाजूला राहून, मागे मागे उतरावं, हा पहिला धडा. हँडललाच सायकलसारखा ब्रेक असावा, हा दुसरा. तो बहुतेक स्वस्त खुर्च्यांना नसतो; जे असतात ते चाकाशी, बसणाऱ्याच्या हाताशी, आणि तेही थांबलेली खुर्ची जागेवर ठेवण्यापुरते. सायकलीच्या ब्रेकची तार आणि मूठ लावणारा कारागीर तालुक्यात मिळू शकतो, हा माझा अंदाज नाही, सायकल दुरुस्त करणारा प्रत्येक जण ते काम रोज करतो.

हँडलची उंची ठरलेली असते, माणसांची नसते. सहसा ती नव्वद सेंटिमीटरच्या आसपास असते, सुनेला बरोबर बसते आणि सणाला आलेल्या पाच फूट दहा इंची मुलाला वाकायला लावते. दोन्ही हँडलांवर उंची वाढवता येणारी नळी बसवली तर हा प्रश्न सुटतो. वेल्डिंग मात्र टाळावं. स्वस्त खुर्चीची नळी पातळ असते, ती तापवली की तिथेच मोडते; पट्टीचा क्लॅम्प लावावा. त्याहून मोठा प्रश्न असा आहे की वाईट वाटेवर ढकलावं तरी कशाला. मातीत ढकलगाडी रुतली की गडी काय करतो? वळतो आणि ओढतो. ओढताना चाक वर उचललं जातं, ढकलताना ते जमिनीत दाबलं जातं. जपानच्या नागानो प्रांतात तयार झालेलं ‘जिनरिकी’ नावाचं जोडसाधन नेमकं हेच करतं. खुर्चीच्या पुढच्या सांगाड्याला दोन लांब दांडे जोडायचे, ते उचलले की छोटी चाकं हवेत जातात आणि खुर्ची दोन मोठ्या चाकांची हातगाडी होते. दांडे लांब असल्याने उचलायला लागणारा जोर थोडा. भूकंप-त्सुनामीत माणसं उंचावर न्यायला हे उपयोगी पडावं, हाही त्यामागचा हेतू. अमेरिकेत ‘फ्रीव्हील’ नावाचं एक मोठं चाक पायपाटीला पुढे जोडतात, त्याने छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात. फ्रान्सच्या डोंगरांत १९८७पासून ‘जोएलेट’ नावाची एकचाकी खुर्ची आहे, जिच्या पुढे एक आणि मागे एक माणूस चालतो. आपली डोलीही तीच, फक्त चाक नाही. दोन दांडे, दोन क्लॅम्प आणि एक आडवी मूठ ही वस्तू आयात करावी लागेल अशी नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो यावाच. माणसाने माणसाला ओढावं हे आपण इतक्या कष्टाने मागे टाकत आणलं. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या चालवणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात असा आदेश दिला, मानवी प्रतिष्ठेचा दाखला देऊन दिला, आणि योग्यच केलं. मग व्हीलचेअरला ओढण्याचे दांडे लावा म्हणणं उलटं जाणं नव्हे काय? नाही. माथेरानमध्ये प्रश्न पोटासाठी पर्याय नसलेल्या माणसाचा होता आणि न्यायालयाने त्याचं उत्तर ओझं हलकं करण्यात शोधलं. घरात ओढणं आणि ढकलणं आजही चालूच आहे, फक्त ते पगाराविना आहे, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही. इथे दांडे ओझं वाढवत नाहीत, कमी करतात. दक्षिण महाराष्ट्रातच, तेव्हाच्या इस्लामपूरजवळच्या राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या विद्यार्थ्यांनी ऊस वाहणाऱ्या बैलांच्या मानेवरचा भार उचलायला जुवाखाली एक फिरतं चाक बसवलं, त्याला ‘सारथी’ नाव दिलं, आणि २०२२ साली त्याचं देशभर कौतुक झालं. बैलाच्या मानेला मिळालेलं हे चाक सुनेच्या कंबरेला का मिळू नये, एवढाच माझा सवाल आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो कोल्हापूर जिल्ह्यातच जन्मला असं म्हणता येईल. तरुणपणी कमरेखाली अपंगत्व आलेल्या नसीमा हुरजूक यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘चाकाची खुर्ची’. या सगळ्या कामाचा गाभा असा की खुर्चीत बसलेल्या माणसाने स्वतः हालचाल करावी, कमवावं, दुसऱ्याच्या दयेवर राहू नये. त्या बाजूने पाहिलं तर ‘ढकलणाऱ्याची सोय’ हा शब्दच खटकतो. जगभरचे कितीतरी सक्रिय खुर्चीधारक मागचं हँडल काढूनच टाकतात, कारण न विचारता कुणीही येऊन ढकलू लागतं. हा राग मला पटतो. आपलं शरीर दुसऱ्याने त्याच्या मर्जीने हलवावं, यासारखा अपमान नाही. पण माझ्या म्हणण्याशी त्याचं भांडण वाटतं तेवढं नाही. आस पुढे, पुढच्या चाकांवर भार कमी, टायरमध्ये हवा, बेअरिंग स्वच्छ, बसण घट्ट, सांगाडा हलका, या सगळ्या गोष्टी स्वतः चाक फिरवणाऱ्याला जितक्या हव्यात तितक्याच ढकलणाऱ्यालाही हव्यात. वाईट खुर्ची दोघांनाही सारखीच परावलंबी करते. जिथे दोघांचं हित वेगळं पडतं तिथे बसणाऱ्याचा शब्द अखेरचा असावा. हँडल दुमडणारं ठेवा, दांडे काढता-लावता येतील असे ठेवा, आणि ढकलण्याआधी विचारा. शिवाय आजऱ्यातल्या खुर्च्यांत बसलेली सगळीच माणसं तरुण आणि बाहूंनी बळकट नसतात. पंच्याहत्तरीच्या, अर्धांग गेलेल्या आजोबांना स्वावलंबनाचा उपदेश करणं आणि त्यांच्या बायकोला जड खुर्ची देणं, यात स्वावलंबन कुणाचंच होत नाही.

तिसरा आक्षेप रस्त्याचा. खुर्ची बदलायची भाषा म्हणजे सरकारला मोकळं सोडणं. आधी वाटा सपाट करा, असं म्हणणारे चूक नाहीत. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७मध्ये आले, मुदत जून २०२२मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, ते बंधनकारक करा. तेव्हा रस्त्याचा आग्रह सोडायचा प्रश्नच नाही. पण संकेश्वर-बांदा महामार्ग गावातून कितीही गुळगुळीत गेला, तरी महामार्गापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतची शंभर-दोनशे पावलं त्या कामात येत नाहीत. पाणंद ही कायद्यातल्या ‘सार्वजनिक इमारती’त बसत नाही, सोप्याचा उंबरा तर नाहीच. एसटीच्या पायऱ्यांपाशी खुर्ची खाली राहते आणि माणूस उचलावा लागतो, तो भाग वेगळाच. रस्ता होईपर्यंत माणसाने घरात बसावं, असं म्हणायचा अधिकार रस्ता मागणाऱ्यालाही नाही.

मोटर लावा, असंही कुणी म्हणेल. जिथे जमेल तिथे जरूर लावा. आयआयटी मद्रासमध्ये घडलेली, पुढे जोडायच्या विजेच्या चाकाची ‘निओबोल्ट’ ही भारतीय खुर्ची चांगली आहे, पण ती मुख्यतः स्वतः चालवणाऱ्यासाठी आहे. पूर्ण विजेची खुर्ची साध्या खुर्चीच्या दुप्पट-तिप्पट वजनाची. उंबऱ्यावर ती अडली की उचलायला दोन गडी लागतात, आणि दुरुस्तीला माणूस शोधत शहर गाठावं लागतं. हलकी, बरोबर तोललेली साधी खुर्ची हा मोटरचाही पाया आहे, कारण वाईट खुर्चीला मोटर लावली तर बॅटरीच लवकर संपते.

या देशातला कायदा सोबत्याला अगदीच ओळखत नाही असं नाही. रेल्वे, एकटा प्रवास करू न शकणाऱ्या अपंग प्रवाशासोबतच्या माणसालाही भाड्यात तेवढीच सवलत देते. २०१६च्या कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे आणि तीत पगार न घेणारे घरचे लोकही येतात. कारखान्यातल्या कामगाराला इजा होईल एवढं ओझं उचलायला लावू नये, असं २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्याचं कलम ३४ सांगत असे. आजरा तालुक्यातल्याच गवसेच्या साखर कारखान्यात काम करणाऱ्याला ते संरक्षण होतं, त्याच्या घरात खुर्ची ढकलणाऱ्या बायकोला नव्हतं. राज्याच्या २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजूंना साधनांसाठी तीन हजार रुपये मिळतात. त्या साधनांच्या यादीत व्हीलचेअर आहे आणि थोडं खाली कंबरेचा पट्टाही आहे. पहिली वस्तू वाईट असेल तर दुसरी कुणाला लागेल, हे यादी करणाऱ्याच्या मनात नसावं, पण यादीत ते आलं आहे.

ग्रामपंचायतींना आणि नगरपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. तो पैसा वस्तू वाटून संपवणं सोपं असतं. त्यातूनच, खुर्ची देताना, तालुक्यातल्या एखाद्या सायकलवाल्याला आणि एखाद्या लोहाराला बोलावता येईल. पुढची रुंद चाकं, हँडलचा ब्रेक, ओढायचे दांडे, उंबऱ्याला बसणारी फळी, आणि वर्षातून दोनदा वंगण, एवढ्याची सोय करता येईल. विकत घेताना मात्र एक साधी चाचणी मागावी. शाळेच्या प्रयोगशाळेत ताणकाटा असतो, बाजारात पोती तोलायचाही असतो. ज्याची खुर्ची आहे त्याला तिच्यात बसवावं, खुर्चीला दोरी बांधून ताणकाट्याने ओढावं: आधी फरशीवर, मग अंगणातल्या मुरमावर, मग त्याच्याच घराच्या उंबऱ्यावर. काट्यावर येईल तो आकडा खुर्चीच्या पाठीवर रंगाने लिहावा, आणि मगच ती घरच्या बाईच्या हातात द्यावी. १९६५च्या नियमावलीत बैलाचा आकडा लिहिलेला आहे. तिचा आकडा अजून कुठेच लिहिलेला नाही.